दीडशेच्या पाटीला

डॉक्टरांचा ट्रक दारात उभा राहिला तेव्हाच माझे गुडघे म्हणाले, बाई, नाही म्हण. मी गुडघ्यांचं कधी ऐकत नाही. ऐकलं असतं तर एव्हाना घरात पाय वर करून बसले असते आणि हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला गेलं असतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. लोकांच्या दाढा उपटून कंटाळा आला की ते रेसच्या जुन्या गाड्या विकत घेतात. हौसेला मोल नाही म्हणतात. नसेल. पण हौसेला मेकॅनिक लागतो, आणि तो मेकॅनिक म्हणजे मी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सिंगल-सीटर माझ्याकडे येतात. एकाच माणसाची जागा, चाकं उघडी, डोक्यावर छप्पर नाही. त्यात माणूस बसत नाही, मोज्यात पाय घालावा तसा आत शिरतो. कुठल्या तरी गोडाऊनमध्ये, गवताच्या ढिगामागे, कोंबड्यांच्या शेजारी त्या सापडतात. मी त्या पार सुट्या करते, एकेक भाग धुऊन-पुसून पुन्हा जोडते, आणि मग वर्षातून तीन-चारदा ही हौशी मंडळी ट्रॅकवर त्यांच्या शर्यती लावतात. चौसष्टाव्या वर्षी कुणी हे काम करू नये. पण मी लग्न केलं नाही, गाड्या केल्या. आता त्याच निस्तरायच्या.

ताडपत्री निघाली. पुढची डावी बाजू चेपलेली, हिरवा रंग उडून पांढुरका झालेला. मागच्या बाजूला पत्र्याचं एक ठिगळ होतं, अकरा रिव्हेट मारलेलं. बारावा मारायला जागा उरली नव्हती. मला ते माहीत होतं, कारण ते ठिगळ मीच लावलं होतं, तेवीस वर्षांची असताना.

"ओळखलंत ना?" डॉक्टर शाळेतल्या पोरासारखे हसत होते. "तुमच्या जुन्या टीमच्या मालकांच्या पुतण्याकडे पडून होती. अपघातानंतर कुणी हातही लावलेला नाही. एक्केचाळीस वर्षं! ताई, ही पळवायची. आणि ज्या दिवशी पळेल त्या दिवशी पहिल्या दोन फेऱ्या तुमच्या भावानं मारायच्या. हळूहळू का होईना."

न्या परत, असं म्हणायला हवं होतं मी. त्याऐवजी म्हटलं, "विचारून बघते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो एका लहानशा टीमसाठी गाडी चालवायचा. एक मालक, दोन गाड्या, चार मेकॅनिक. मला तिथे त्यानंच नेलं. त्या काळी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला जिथे गाड्यांचं काम चालतं तिथे, बाई दिसली की लोक चहाचे कप पुढे करायचे. दादानं मालकांना सांगितलं, माझ्या गाडीचे नट माझी बहीण आवळणार, नाहीतर मी बसणार नाही. मालक म्हणाले, मग बस घरी. दादा खरंच घरी बसला. तीन आठवडे. वहिनीनं डोक्याला हात लावला, लेक तेव्हा दोन वर्षांची होती. शेवटी मालकांनी मला ठेवून घेतलं, पण तोंड असं केलं की कुणी कडू औषध पाजलंय.

मग मी काय केलं असेल? मी इतरांच्या दुप्पट काम केलं. पाना हातातून खाली ठेवला नाही. आमच्याकडे एक पद्धत होती. नट आधी हातानं फिरवायचा, मग पान्यानं शेवटचा आवळायचा, आणि आवळला की लगेच नटावर आणि बोल्टच्या टोकावर मिळून ब्रशनं रंगाचा एक ठिपका द्यायचा. प्रत्येकाचा रंग वेगळा, माझा पिवळा. ठिपका म्हणजे सही. ठिपका नसेल तर तो नट आवळलेलाच नाही असं समजायचं. माझे ठिपके बघून दुसऱ्या टीमचे लोकही म्हणायला लागले, की बाईचा नट सुटत नाही.

अपघाताच्या दिवशी सकाळच्या सरावात गाडीचा पुढचा डावा लोअर आर्म वाकला. चाकाला खालून सांगाड्याशी धरून ठेवतो तो दांडा. दुपारी मी नवीन बसवला. शर्यतीच्या नवव्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, गाडी वळलीच नाही. सरळ टायरांच्या ढिगात घुसली. सिंगल-सीटरमध्ये माणसाचे पाय पार पुढे असतात. दादाचे दोन्ही घोटे मोडले, उजवा तर चुराच झाला.

वळणाआधी अंतराच्या पाट्या असतात. तीनशे मीटर, दोनशे, दीडशे, शंभर. दादा नेहमी दीडशेच्या पाटीला ब्रेक मारायचा. हॉस्पिटलच्या पलंगावर पडल्या पडल्या तो मालकांना सांगत होता, "दीडशेलाच मारला हो. मारला आणि स्टिअरिंग कुणीतरी हातातून हिसकावल्यासारखं गेलं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मालक म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "का गं, एखादा नट राहिला का तुझा?"

बाकीचे तिन्ही मेकॅनिक माझ्याकडे बघत होते. दोन वर्षं ते या एका प्रश्नाचीच वाट बघत होते असं मला वाटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या हातून नट राहत नाही," मी म्हणाले. "ब्रेक मी स्वतः बघितलेत, ठणठणीत आहेत. गाडीत काही नव्हतं."

मी खोटं बोलले नव्हते. मला तसंच वाटत होतं. आर्म सुटा लोंबत होता, पण एवढ्या धडकेनंतर तो सुटणारच. खालचा पत्रा चेपून बसला होता, तो उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. मलाही नाही. गाडीत काही नाही म्हटल्यावर राहिला कोण? दादा राहिला. माझं वाक्य ऐकून तो गप्प झाला. महिन्याभरानं तोच म्हणायला लागला, "झाला असेल मला उशीर. आपल्याला वाटतं वेळेवर मारला, पण क्षणाचा हिशोब कुणाला लागतो?"

त्यानंतर त्यानं कसल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. बस डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर नोकरी धरली आणि दुसऱ्यांच्या गाड्या किती वाजता सुटल्या ते लिहीत निवृत्त झाला. घरच्या गाडीचं चालवणं वहिनीकडे. हा शेजारी बसतो आणि सिग्नल पार लांब असला तरी उजवा पाय दाबतो. भाची हसते, "बाबांचा ब्रेक लागला, आता थांबायला हरकत नाही." तोही हसतो. आणि माझं? माझं नाव झालं. टीम बंद पडली, पण दुसऱ्यांनी बोलावून घेतलं. बाईचा नट सुटत नाही ना.

तर ती गाडी. पहिले दोन आठवडे इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये गेले. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी पाठीवर झोपून खालच्या पत्र्याचे रिव्हेट काढले. पाठीवर झोपणं सोपं, उठणं अवघड, म्हणून मी एकदा झोपले की सगळं आवरूनच उठते. पत्रा सुटला. आतून वाळकी पानं पडली, उंदरानं केलेलं चिंध्यांचं घरटं पडलं, आणि माझ्या गळ्याशी एक बोल्ट पडला.

लोअर आर्मचा बोल्ट. अख्खा. वाकलेला नाही, आटे शाबूत. धडकेत तुटला असता तर तुकडे मिळाले असते. नट ओरबाडून निघाला असता तर आटे गेले असते. ज्या भोकात तो होता ते भोकही गोल होतं, कुठे फाटलेलं नाही. म्हणजे नट आधी सुटला, बोल्ट खाली घसरला, आणि मग ब्रेकच्या जोरानं आर्म निखळला.

आमच्या धंद्यात नियम आहे की बोल्ट वरून घालायचा. डोकं वर, नट खाली. मग नट गळाला तरी बोल्ट स्वतःच्या वजनानं जागच्या जागी राहतो. हा खालून घातला होता. डोक्याचा गोल ठसा खालच्या बाजूला स्पष्ट उमटला होता. वरून स्टिअरिंगचा दांडा आड येत होता आणि तो काढण्याएवढा वेळ नव्हता, एवढं मला आठवतं. मी टॉर्च घेऊन बाकीचे नट बघितले. प्रत्येकावर पिवळा ठिपका होता. फिकट झालेला, पण होता. ह्या बोल्टच्या टोकावर काहीच नव्हतं.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. दादाच्या बुटाची लेस कुठल्या रंगाची होती तेही आठवतं. फक्त तो नट आठवत नाही. मी हातानं दोन आटे फिरवले असतील, कुणीतरी हाक मारली असेल, आणि "आलेच" म्हणून मी उठले असेन. आलेच! मग आलेच नाही. किती वेळ मी तशीच गाडीखाली पडून होते कोण जाणे. उठायला हात द्यायला तिथे कुणी नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी दादाकडे जायचं होतं. गेले होते ना! बोल्ट एप्रनच्या खिशात टाकून गेले. दार उघडलं वहिनीनं.

"वन्सं, बरं झालं आलात. ह्यांना समजावा. डॉक्टरांचा फोन आला होता आणि हे नाही म्हणून बसलेत."

दादा खुर्चीत बसला होता. म्हणाला, "अगं बारके, ह्या वयात शोभतं का? आणि मला गाडी देतंय कोण! माझा इतिहास त्या डॉक्टरला माहीत नाही वाटतं."

"दोनच फेऱ्या आहेत हो," वहिनी म्हणाली. "पोरीला तुम्हाला कधी गाडीत बघितलेलं आठवत नाही. तिच्यासाठी जा."

मी खिशातला बोल्ट मुठीत धरून बसले होते. मला सांगायचं होतं. पण त्या दोघांचं इतकं छान चाललं होतं, की म्हटलं, आज नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी येऊन स्वतःची भरपूर समजूत काढली. जखम भरलीय, खपली कशाला काढायची? तो सुखात आहे. झालं ते झालं. ही सगळी वाक्यं किती सोयीची असतात बघा, आणि नेमकी वेळेवर सुचतात.

पुढच्या आठवड्यात दादा हो म्हणाला. मग तर काय, जिन्यावर घोट्याचे व्यायाम सुरू झाले. वाळूची पिशवी पायाला बांधून हा म्हातारा सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या मजल्यापर्यंत चढ-उतार करायचा. सीट मापून घ्यायला गॅरेजमध्ये आला तेव्हा मी आणि भाचीनं दोन्हीकडून धरून त्याला आत उतरवला. आत गेल्यावर त्यानं पेडलवर पाय ठेवला, डावीकडे वाकून नवीन लोअर आर्म बघितला. बोल्ट वरून, नट खाली, त्यावर पिवळा ठिपका.

"तुझे नट बघितले ना, की जिवाला बरं वाटतं," तो म्हणाला.

मी आतल्या खोलीत गेले आणि उगाचच नळ सोडून हात धूत राहिले. सांगायला तीनदा गेले आणि तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. भीती कसली होती ते सांगते, उगाच सोवळेपणा नको. दादाला दुःख होईल ही भीती दुसऱ्या नंबरची. पहिल्या नंबरची अशी, की सगळे म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? बाईला पाना दिला आणि भावाचे पाय गेले. ते म्हणणारे निम्मे मरून गेलेत, तरी मी त्यांना भीत होते. गाडीचं काम पुढे सहा महिने चाललं आणि सहा महिने मी नीट झोपले नाही. गाडी मात्र मी अशी जोडली की विचारू नका. तो एक नट मी दर दोन दिवसांनी तपासायचे.

शेवटी तो दिवस आला. ट्रॅकवर जुन्या गाड्यांची ही गर्दी. सगळीकडे इंजिनं घुरघुरत होती, पेट्रोलचा वास, मालक लोक एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरून न कळणाऱ्या गोष्टींवर माना डोलावत होते. डॉक्टरांनी पाच-सहा पाहुणे आणले होते. वहिनी छत्री घेऊन आणि भाची थर्मास घेऊन पिटच्या भिंतीशी उभी होती. दादाला आम्ही गाडीत उतरवला, पट्टे बांधले. त्याला नवा पांढरा सूट दिला होता, पोटावर जरा ताणला होता. झेंडेवाल्यानं पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

दादानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि काढून घेतले. पुन्हा ठेवले, पुन्हा काढले.

"बारके," तो हळूच म्हणाला, "मी नाही जात."

मी त्याच्या बाजूला उकिडवी बसले. "का रे? हळूच तर जायचंय."

"हळू काय आणि जोरात काय. मला कळत नाही गं. तेव्हाही मला शंभर टक्के वाटत होतं की वेळेवर मारला. आजही वाटतं. डोळे मिटले की पाटी दिसते मला, आणि माझा पाय आधी खाली जातो. पण तसं झालं नव्हतं ना. म्हणजे माझं मला कळत नाही. ज्याला स्वतःचं कळत नाही त्यानं हे हातात धरू नये. मला काढ बाहेर."

तो हात वर करून बसला, लहान मूल उचलून घे म्हणतं तसा. माझे हात पुढे गेलेही. बघा, किती सोपं होतं. ओढून बाहेर काढायचा, म्हातारा घाबरला म्हणून सगळे हसले असते, चहा प्यायलो असतो, आणि गाडी डॉक्टरांच्या हौसेला गेली असती. कुणाला काही कळलं नसतं. तो मात्र उरलेलं आयुष्य तसाच शेजारच्या सीटवर बसून पाय दाबत राहिला असता.

"दादा, तू वेळेवर मारला होतास," मी म्हणाले.

"समजूत नको घालूस."

"समजूत नाही. लोअर आर्मचा बोल्ट सापडलाय मला, खालच्या पत्र्यात. अख्खा आहे. त्याचा नट सुटला आणि तो खाली पडला. मी तो आवळलाच नव्हता. त्याच्यावर ठिपका नाही. वरून घालायच्याऐवजी खालून घातला, नट हातानं फिरवला आणि उठून गेले. तू ब्रेक मारलास आणि चाक निखळलं."

पलीकडची गाडी सुरू झाली होती, तिच्या आवाजात काही वेळ काही ऐकू येईना. दादा समोर बघत होता. आवाज दूर गेल्यावर म्हणाला, "दीडशेला?"

"दीडशेला."

"आणि स्टिअरिंग हिसकावलं, ते?"

"खरं होतं."

"मी सांगत होतो."

"हो."

"पलंगावरून सांगत होतो. तू तिथे उभी होतीस."

"हो, दादा."

त्यानं हातमोजा काढला, कपाळ पुसलं. "म्हणजे मी वेळेवर मारला होता," तो म्हणाला. मला नाही, स्वतःलाच. मग पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला.

"तुला माझा संशय कधीच आला नाही?" मी विचारलं. न विचारते तर बरं झालं असतं.

"आला होता. हॉस्पिटलमध्ये, एकदा. मग माझीच मला लाज वाटली." तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "बोल्ट कधी सापडला तुला?"

"सहा महिने झाले."

"सहा महिने," तो म्हणाला. "मी जिन्यावर वाळूची पिशवी बांधून फिरत होतो तेव्हा?"

मी मान हलवली.

"एक्केचाळीस वर्षं तुला माहीतच नव्हतं, ते मी समजू शकतो. माणसाकडून राहतं. पण हे सहा महिने मी कुठे ठेवू गं, बारके?"

मी नव्या आर्मवरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"हिला सांग," तो म्हणाला. "आत्ता. माझ्या तोंडून नको, तिला वाटेल म्हातारा चळला. तू सांग. आणि मोठ्यानं सांग, इंजिनं चालू आहेत."

मी गुडघ्यावर हात टेकून उठले. वहिनी चार पावलांवर होती. मी मोठ्यानं सांगितलं. एवढ्या मोठ्यानं, की डॉक्टर बोलता बोलता थांबले, त्यांचे पाहुणे वळले, शेजारच्या पिटमधल्या दोघांनी माना वर केल्या. "वहिनी, अपघात दादामुळे झाला नव्हता. माझ्यामुळे झाला. मी नट आवळला नव्हता, आणि वर सगळ्यांसमोर सांगितलं की गाडीत काही नव्हतं."

मला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनीनं छत्री मिटली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, गाडीतल्या दादाकडे बघत होती.

"दहावीचा पहिला पेपर होता हिचा," ती भाचीकडे बोट करून म्हणाली. "मला ताप होता. बस चुकली. गाडी दारात उभी होती, हे किल्ली घेऊन उभे राहिले, म्हणाले, मी सोडतो. आणि मी म्हटलं, नको, पोरीच्या जिवाशी खेळ नको. मी शेजाऱ्याला हाक मारली, वन्सं. नवरा दारात किल्ली घेऊन उभा असताना मी शेजाऱ्याला हाक मारली."

"आई, राहू दे," भाची म्हणाली. पण तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. आत्या म्हणून तिनं माझ्याकडे बघायची ती शेवटची वेळ असेल की काय, असं वाटलं मला.

वहिनी दादाजवळ गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. डॉक्टर माझ्या बाजूला येऊन कुजबुजले, "ताई, रद्द करू या का?" मी काय सांगणार? मी दादाकडे बघितलं.

"रद्द कशाला?" दादा म्हणाला. त्यानं हातमोजा पुन्हा चढवला, एकेक बोट नीट बसवलं. "मी जातो. दोन काय, तीन फेऱ्या मारतो. फक्त एक करा डॉक्टर. शेजारच्या टीमचा मेकॅनिक मोकळा असेल तर त्याला जरा बोलवा. पुढचे सगळे नट एकदा बघून घेऊ दे."

"दादा, मी आज सकाळीच दोनदा बघितलेत," मी म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलू शकले असते. "पण दुसऱ्या कुणालातरी बघू दे."

शेजारचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा असेल, मला ओळखत होता, एकदा माझ्याकडून गिअरबॉक्सचं काम शिकून गेला होता. तो अवघडून उभा राहिला. "मॅडम, तुमच्या कामात मी काय बघणार?"

"बघ," मी म्हणाले आणि माझा पाना त्याच्या हातात दिला.

तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. आधी उजवी बाजू, मग डावी. प्रत्येक नटाला पाना लावून जोर द्यायचा आणि मोठ्यानं सांगायचा, घट्ट आहे. घट्ट आहे. घट्ट आहे. दादा प्रत्येक वेळी मान हलवत होता. मी चौसष्ट वर्षांची बाई, रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून ते एप्रनच्या खिशात घातले.

"सगळे घट्ट आहेत," तो बाहेर येऊन म्हणाला.

"चालू करा," दादा म्हणाला.

इंजिन पेटलं. गाडी सोडायच्या आधी मेकॅनिकनं समोर उभं राहून अंगठा दाखवायचा असतो, त्याशिवाय ड्रायव्हर निघत नाही. सवयीनं मी पुढे झाले. दादानं माझ्या बाजूनं मान बाहेर काढली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या शेजारच्या मेकॅनिककडे बघितलं. त्या मेकॅनिकनं अंगठा दाखवला. मी वाटेतून बाजूला झाले आणि गाडी गेली.